तीन पानं, रविवारपर्यंत

लिजी मिसनी विषय दिला: सन दोन हजार पंचाहत्तर.
गोष्ट लिहा. तीन पानं. रविवारपर्यंत.

मी सूरला राहते. इचलकरंजीत हे सांगितलं
की पहिला प्रश्न येतो, गाणं शिकतेस का?
नाही. इथे समुद्र आहे, उघडे डोंगर आहेत,
आणि खाडीच्या कडेला एक लाकडी गलबत
मी सातवीत होते तेव्हापासून
अर्धंच उभं आहे.

तयारी म्हणून तेवीस गोष्टी वाचल्या.
मस्कतच्या मंडळाच्या कपाटातून आलेल्या,
पिवळा कागद, पाठीला चिकटपट्टी.
एकीत सन दोन हजार उजाडतं
आणि माणसं जेवणाऐवजी गोळ्या घेतात.
मी ती मसालेभात खात वाचली.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं,
"तोवर मी पंचेचाळीसची असेन."
गोष्टीचा शेवट विसरले. ही बाई विसरत नाही.
पंचेचाळिसावं कसं गेलं असेल तिचं?

बाकीच्यांत चंद्रावर वसाहती होत्या,
मंगळावर द्राक्षं,
पण कुणाचंच रेसिडेंट कार्ड संपत नव्हतं.
यंत्रमानव होते ढीगभर,
त्यांचा स्पॉन्सर कोण, ते लिहिलेलं नव्हतं.
आमच्याकडे भविष्य बाबांच्या पाकिटात असतं,
फोटोखाली छापलेलं, तारीख महिना वर्ष.
मुदत आली की घरात सगळे हळू बोलतात.
ते पुढे सरकलं की आई शिरा करते.

शम्साला विचारलं, तू काय लिहितेस?
तिचे पणजोबा गलबतं बांधायचे,
कागदावर एक रेघ न ओढता,
सगळी बोट आधी डोक्यात.
म्हणाली, मी लिहिणार की खाडीवरचं ते गलबत पूर्ण झालं.
एवढंच?
एवढंच. पन्नास वर्षं पुरली तर.

बाबा पाण्याच्या प्लांटवर आहेत, रात्रपाळी.
समुद्र आत ओढायचा, पडद्यांमधून दाबून पिळायचा,
मीठ परत समुद्राला, पाणी गावाला.
इचलकरंजीत नळ पाचव्या दिवशी येतो.
आत्या फोनवर विचारते,
समुद्र प्यायला कसा लागतो रे?
पिवळ्या पुस्तकात हे वाक्य सापडलं असतं
तर मी पानाचा कोपरा दुमडला असता.
बाबा म्हणतात, कसाच लागत नाही.
इतकं निव्वळ पाणी सोडलं तर ते पाइप खातं.
म्हणून शेवटी त्यात चुना घालायचा, मोजून.
"आम्ही रोज अख्ख्या सूरला चुना लावतो,"
आणि स्वतःच हसतात.
हा विनोद मी दुसरीपासून ऐकतेय.
परवा रात्री, डबा भरताना, पहिल्यांदा ऐकला.

कारण तेवीस गोष्टींमधून
काय काय काढून टाकलं होतं माणसांनी!
रोग, राग, रांगा, म्हातारपण, भांडी घासणं.
सगळं स्वच्छ, गाळलेलं.
शेवटी मोजून थोडं परत घालायचं
कुणालाच सुचलं नव्हतं.

माझ्या गोष्टीत एक बाई आहे, सहासष्ट वर्षांची.
राहते कुठे, ते ठरत नाही.
सूर लिहिलं, खोडलं. इचलकरंजी लिहिलं, तेही खोडलं.
तूर्त ती स्वयंपाकघरात उभी आहे,
नळ सोडून, पेला भरायची वाट बघत.
नळाला पाणी येतं की नाही
ते पुढच्या पानावर.
पुढचं पान कोरं आहे, आणि आज शनिवार.

पुस्तक मंडळाला परत जायचंय.
पार्सल बांधण्याआधी त्या पेन्सिलीच्या ओळीखाली
मीही पेन्सिलीनंच लिहिलं,
बारीक, कपाटवाल्या काकांना दिसू नये असं:
गोळ्या आल्या नाहीत, ताई.
मसालेभात आहे अजून.
तुम्ही जेवलात का?