शून्य कुठनं मोजायचं

बावीस प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार.
अजिबात नाही, थोडंसं, मध्यम, बरंच, अतिशय.
इंग्रजीतून मराठीत आणताना आम्ही
'मध्यम'वर दोन दिवस भांडलो होतो.

हरिपूर. मार्च. अंगणभर हळद वाळत पडलेली,
कागदाच्या कडेलाही पिवळं बोट उमटलेलं.
सुगंधा भूपाल आवटी, वय त्रेपन्न.
वाचता येतं, पण चष्मा पुरात गेला
आणि नवा अजून केलेला नाही,
म्हणून मीच वाचून दाखवते.

गेल्या सात दिवसांत, नको असताना
त्या घटनेची आठवण आली का?
"येती कशाला? हितंच हाय की."
भिंतीकडे बोट. पंख्याच्या पात्यांच्याही वर
मातकट रेघ, रंग देऊनही फुटून आलेली.

झोपेचा त्रास होतो का?
"झोप लागती ओ. पर दोनदा उठते,
पाय खाली टेकवून बघते,
फरशी कोरडी हाय का. मग परत झोपते."
हे कुठल्या रकान्यात घालू?
समासात लिहिते: पाय, फरशी, दोनदा.

आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळता का?
तेवढ्यात नळाला पाणी आलं, बादलीत धार पडली.
बादली भरेपर्यंत बाई बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "न्हाई. टाळायचं काय त्यात."

भूपालकाकांचा फॉर्म चार मिनिटांत झाला.
"झ्याक हाय. लिवा की शून्य."
बावीसच्या बावीस.
त्यांच्या मागे शीतलचा फोटो, हार ताजा.
नावेच्या दोरीबद्दल मी विचारलं नाही,
फॉर्ममध्ये दोरीचा प्रश्न नाही.
उजवी मूठ त्यांनी शेवटपर्यंत उघडली नाही.
सही डाव्या हाताने केली.

चप्पल घालताना त्यांनीच विचारलं,
"मॅडम, तुमचं हे शून्य कुठनं मोजत्यात?"
म्हणजे?
"न्हाई, आयर्विन पुलावर आकडे हायेत बगा.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
आमचं छप्पर कितीला गेलं
ते गल्लीतल्या बारक्या पोराला बी पाठ हाय.
पर शून्य म्हंजे कोरडं न्हवं.
शून्याच्या खाली बी नदी असतीच की."
आणि हळद परतायला खाली बसले.

आष्ट्याच्या एसटीत बेरीज केली.
बाईंचे एकोणपन्नास. तेहतीसच्या वर लाल शाई,
सोमवारी डॉक्टर येतील त्या यादीत नाव.
काकांच्या शून्याभोवती गोल करायचा,
पुढे लिहायचं, 'पाठपुरावा नको'.
बस हलत होती. अक्षर बिघडेल म्हणून थांबले.

पूल आला तशी खिडकीतून वाकले.
खांबावरचे आकडे उन्हात सगळे उघडे,
आणि सगळ्यात खालच्या आकड्याच्याही खाली
एक पोरगा गळ टाकून बसलेला,
दोर सोडतोय, सोडतोय,
अजून सोडतोय.