जलद हात

काजूच्या कारखान्यात फळ्यावर आतिजाचं नाव सगळ्यात वर असायचं.
दिवसाला आठ किलो गर, अख्खा, न तुटलेला.
बाकीच्या बाया बोटांना राख चोळायच्या,
टरफलाचा चीक उडाला की हात झटकून शिव्या द्यायच्या.
आतिजा झटकायची नाही.
मुकादम अबाकार म्हणायचा, हिच्याकडून शिका.
कामात जीव असला की चटका बसत नाही.

मी महिन्यातून दोनदा जायचे, अंगोशेच्या वाटेनं, सायकलवर.
पिशवीत कापूस, वजनकाटा, लोहाच्या गोळ्या, निळं बॉलपेन.
आंब्याखाली बाया ओळीनं बसायच्या,
मुसिरोचं लाकूड दगडावर उगाळून
तोंडभर पांढरा लेप लावलेल्या.
मी एकेकीची खालची पापणी ओढून बघायचे.
आत लाल हवं.
बहुतेकींच्या आत तांदूळ धुतलेलं पाणी.
मासे खा, मी सांगायचे, कसाव्याचा पाला खा शेंगदाणे घालून.
त्या माना डोलवायच्या,
जेवून जा म्हणणाऱ्या शेजारणीपुढे डोलवतात तशा.

आतिजाला म्हटलं, लेप धुऊन ये.
म्हणाली, सणाचा आहे.
तीन खेपा तिचा सणच चालू होता.
चौथ्या खेपेला विहिरीवर तिनं तोंड धुतलं,
खसखसून धुतलं,
आणि डाव्या गालावर
नाण्याएवढा लेप तसाच राहिला.

डोळे मीट.
कापसाचं टोक मनगटाला लावलं. तिनं बोट ठेवलं, इथे.
कोपराला. इथे.
गालाला.
पुन्हा गालाला.
झाडावरून एक कच्ची कैरी पडली, कुणाचं तरी पोर धावलं.
आतिजा डोळे मिटून बसलेली, शहाण्या मुलीसारखी.
मग म्हणाली,
सुरू कधी करणार?

मी तिचे हात उलटे केले.
बोटांची टोकं काळी, दोन नखं नव्हतीच.
रोगाचं नाव मी हळू घेतलं.
तिनं माझ्याहून हळू घेतलं.
गोळ्यांचं पाकीट दिलं, सांगितलं,
पहिल्या दिवशी लघवी लाल होईल, घाबरू नकोस,
कातडी काळवंडेल, तीही पुढे उजळेल.
हात?
हाताचं सांगता येत नाही, असं म्हणाले.
तिनं विचार केला. म्हणाली,
म्हणजे बरी झाले तर पुन्हा भाजेल?
मी हो म्हणाले असते तर ते चांगलं उत्तर ठरलं असतं.

तिसऱ्या महिन्यात ती कारखान्याच्या चढावर
दोनदा बसली.
पापणी ओढली. तांदळाचं पाणी.
तीन गोळ्यांतली एक गोळी रक्त खात होती,
असंही होतं कधी कधी, पुस्तकात एका ओळीत असतं.
तिला लॉरीतून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.
डॉक्टरांनी ती एक बंद केली, दोन ठेवल्या,
आणि लोह लिहून दिलं.
लोह संपलेलं.
नाकालाहून ट्रक निघाला आहे, औषधवाला म्हणाला.
तो ट्रक कायम निघालेलाच असतो.

आता आतिजाचं नाव फळ्यावर खालून तिसरं.
जाड कापडाचे मोजे घालते,
प्रत्येक बी फोडण्याआधी हाताकडे बघते
की तो अजून आहे ना जागेवर.
अबाकार म्हणतो, आळसावली.
मी त्याला चारचौघांत सगळं समजावून सांगितलं.
त्यानं मान डोलवली.

मागच्या खेपेला तिची धाकटी बसवली, मुआझिझा, नऊ वर्षांची.
डोळे मीट.
कापूस गुडघ्याला लावला तर खिदळली.
पाठीला लावला, गुदगुल्यांनी वाकडी झाली.
संवेदना आहे, असं लिहिलं,
आणि उगाच पुन्हा एकदा लावला.
ती हसतच होती, तेव्हा पापणी ओढली.

मग लोहाच्या रकान्यात निळ्या पेनानं
पुढच्या खेपेची तारीख.