खरखर

अकरा दिवस एकच अल्बम.
रबाळ्याला जाताना, येताना, डबा खाताना.
कुठल्यातरी थंड गावातली चार पोरं,
शब्द निम्मेच कळतात, ड्रम मात्र
थेट बरगडीत खिळा ठोकतो.
शेवटचं गाणं संपलं की बावीस सेकंद नुसती खरखर,
आणि मग कोपरखैरणे.

बाराव्या दिवशी वाचनालयात गेलो.
पिठाच्या गिरणीवरचा मजला,
प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर ज्वारीची साय.
टिपणीसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं: काय हवंय?
म्हटलं, असं काहीतरी.
आणि इअरफोनचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

वाटलं, हाकलतील.
शेवटचं गाणं नऊ मिनिटांचं आहे, खरखर धरून.
एक काका दिवाळी अंक घेऊन ताटकळले,
बाईंचा हात शिक्क्यावर तसाच.
मग स्टुलावर चढून त्यांनी तीन पुस्तकं काढली:
एका दीपगृहवाल्याची रोजनिशी, जिच्यात बोट एकदाच येते;
विहिरी खणणाऱ्यांवरचं एक, आकृत्यांसह;
आणि एक रहस्यकथा, शेवटची आठ पानं नसलेली.
"ही त्या खरखरीसाठी," म्हणाल्या.

विहिरीचं आधी वाचलं.
पंचवीस फुटांवर पाणी नाही, चाळीसवर नाही,
सुरुंगाला वात, वर या, वर या रे
मी बसमध्ये उभ्याउभ्या मान आपटत होतो.

सिनेमाचंही त्यांनीच सांगितलं.
वाशीला, शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी, फुकट.
काळापांढरा. एक बाई घर विकण्याआधी
एकेक खोली पुसून काढते. बस्स.
मध्यंतरानंतर आवाजच गेला.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या सरकवल्या, गेले.
मी बसून राहिलो.
ती फरशीवर फडकं पिळत होती
आणि माझ्या डोक्यात, अगदी वेळेवर, झांजा.

मढवीला सांगितलं, अल्बम त्यानेच दिलेला.
म्हणाला, येडा झालास काय,
त्यांचाच दुसरा ऐक ना.
ऐकला. चांगला आहे.

परवा दोन पुस्तकं परत केली.
रोजनिशी राहिलीय, बोट अजून यायचीय,
म्हटलं, आठ दिवस वाढवून द्या.
बाईंनी शिक्का उचलला,
तेवढ्यात खाली कुणीतरी गिरणी बंद केली.
पट्टा फिरत राहिला थोडा वेळ,
उगीचच, दाण्याशिवाय.

शिक्का हवेत.
दुसऱ्या हाताचं एक बोट वर:
थांब जरा.