खालची वीत

कोपरखैरण्यात, आमच्या सेक्टरच्या नाक्यावर,
हिराजी मढवींच्या गिरणीच्या भिंतीला
माझा फळा आहे.
माझा म्हणजे भिंत त्यांची, काळ्या रंगाचे पैसे मंडळाचे,
अक्षर माझं.

एकतीस वर्षं रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत
पिंपांवर लिहीत आले:
ज्वलनशील. दाहक. उघड्या हातानं शिवू नये.
पिंपं उलट बोलत नाहीत.
निवृत्तीनंतर तोच हात घेऊन या भिंतीशी उभी राहिले,
रोज सकाळी सात ओळी.
खाली वीतभर जागा सुटायची
ती गुडघ्यांमुळे. वाकवत नाही.
तत्त्व वगैरे काही नव्हतं.

दहावीच्या निकालाला पोरांना मी ‘आर्शीवाद’ दिले.
संध्याकाळी पाहते तर
कुणीतरी बोटानं रफार पुसून
एक घर पुढे बसवलेला,
आणि त्या मोकळ्या वितीत: ‘काकू, असा.’
चुकीचं पिंप ट्रकवर चढलं होतं एकदा,
तेव्हाही एवढे कान तापले नव्हते.

मग त्या वितीला तोंड फुटलं.
‘चार दिवस पाणी नाही, त्यावर लिहा की.’
‘सुविचार पुरे.’
झुरळांच्या औषधवाल्याचा नंबर.
एक बदाम, आत दोन अक्षरं,
त्यातलं एक घाईनं खोडलेलं.
आणि एका रविवारी
इस्त्रीवाल्याच्या मुलीबद्दल असं काही
की फडका शोधत बसले नाही, पदरानंच पुसलं.
ती समोरून दळणाचा डबा घेऊन येत होती.
तिनं वाचलं होतं का,
अजून विचारलेलं नाही.

मंडळात घोणे म्हणाले, काच बसवा, कुलूप घाला,
ज्याला बोलायचंय त्यानं आपली भिंत शोधावी.
सगळ्यांत आधी माझा हात वर गेला.
काच आली. तीन बाय चार,
कडा घासलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून.

ती बसायच्या आदल्या दिवशी
द्रौपदीबाई कडू गेल्या.
मी लिहिलं, ‘शांत, सोशिक, मनमिळाऊ.’
सगळ्यांबद्दल लिहिते तेच. लेबल.
सकाळी खाली, विटेच्या तुकड्यानं, तांबड्या अक्षरांत:
‘शांत नव्हत्या. टँकरवाल्याची कॉलर धरलेली.
माझ्या आईचे अडकलेले पैसे कंत्राटदाराच्या दारात बसून आणले.’
त्याखाली दुसरा हात:
‘मला कानफटात दिलेली. बरं केलं.’
त्याखाली तिसरा:
‘माझे दोनशे राहिले त्यांच्याकडे. असू देत.’

लोक डबे खाली ठेवून वाचत होते.
खालचं.
वरून नजर अशी घसरायची
जशी माझी घसरते
औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांवरून.
वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.
चौदा वर्षं ती बाई माझ्या वरच्या मजल्यावर राहत होती
आणि तिची माझी ओळख
त्या दिवशी झाली,
विटेच्या भुकटीत.

काच कपाटामागे उभी आहे.
घोणे विचारतात. म्हणते, बिजागऱ्या मिळेनात.
हल्ली चारच ओळी लिहिते.
खडू सुतळीनं खिळ्याला बांधलाय, कुणीही घ्यावा.
ओला फडका मात्र माझ्याच पिशवीत असतो
आणि तो केव्हा काढायचा
हे मी एकटी ठरवते.

परवा कुणीतरी नेमकं तेवढंच हेरून लिहिलं,
‘हे बरोबर नाही.’
दोनदा वाचलं.
पुसलं नाही. उत्तरही दिलं नाही,
तिथपर्यंत वाकवत नाही.
गिरणी सुरू झाली, पीठ उडायला लागलं,
दुपारपर्यंत बसत राहिलं
माझ्याही अक्षरांवर, त्याच्याही.