तुटक्या तोंडाची

मेंढीचं वय दातांवर वाचतात.
डाव्या हाताने हनुवटी धरायची,
अंगठ्याने खालचा ओठ दाबायचा.
दोन रुंद दात म्हणजे वर्षाची, चार म्हणजे दोन,
आठ झाले की तोंड भरलं.
मग झिजतात, हलतात, पडतात,
आणि बाजाराच्या कागदावर आम्ही लिहितो: तुटक्या तोंडाची.
भाव निम्मा.
पन्नास वर्षं या डोंगरउतारांवर मी हेच केलं.
एका मेंढीला सहा सेकंद.

माझ्या तोंडात बघायला
चौदा महिने कुणाला सवड झालेली नाही.

जिभेच्या कडेला होतं. कापलं.
मग तेहतीस दिवस कार्लाइलला किरणं,
जाळीचा मुखवटा टेबलाला खिळवून.
खोटं कशाला बोलू, तेव्हा माणसं धावत होती माझ्यासाठी.
शेवटच्या दिवशी पितळी घंटा वाजवायला लावली.
ती वाजली
आणि सगळे जणू जेवायला निघून गेले.

लाळ आटली.
पाव तोंडात लोकर होतो.
दात हिरडीपाशी मऊ पडत गेले,
एक तर मटार खाताना तुटला. मटार!
तो मी जाकिटाच्या खिशात ठेवलाय, दाखवायला,
किल्ल्या आणि सुतळीबरोबर.

गावातली दातांची डॉक्टर म्हणाली,
किरणं बसलेला जबडा आहे, मी उपटणार नाही,
हाड भरून नाही आलं तर? इस्पितळात जा.
इस्पितळ म्हणालं, तुमचा आजार बरा झाला, अभिनंदन,
दात आमच्याकडे नसतात.
परत गेलो तर दारावर कागद:
यापुढे फक्त पैसे भरणारे पेशंट.
पत्र न्यूकॅसलला गेलं. पोचलं नाही.
दुसरं पोचलं, चुकीच्या मजल्यावर.
फेब्रुवारीची तारीख मेमध्ये गेली.
मेमधली कुठे गेली ते फोनवरच्या पोरीलाही ठाऊक नव्हतं,
बिचारी रडवेली झाली, मीच तिची समजूत काढली.

फुकटच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात.
मी गाय नाही मागत.
माझेच मोजा म्हणतो.

रांगेत तुमचा क्रमांक दहावा, असं यंत्र सांगतं.
मी आजोबांच्या मोजणीने मेंढ्या मोजतो तसा मोजतो,
यान, टॅन, टेथेरा, मेथेरा, पिंप,
पिंपपाशी संगीत थांबतं,
फोन कटतो.

तेवढ्यात कोकरं जन्मली. कातरणी झाली.
कोकरं विकलीसुद्धा.
मर्टल रविवारचं मटण मिक्सरमधून काढते,
आमच्याच कळपातलं, आमच्याच गवतावरचं,
मी ते पेल्यातून पितो
आणि ती खिडकीबाहेर बघत जेवते,
चावण्याचा आवाज होऊ नये म्हणून हळू.

झोपण्याआधी दातांच्या मध्ये बोटं घालून बघतो
तोंड किती उघडतं. ईस्टरला तीन बोटं होतं.
आता दोन, तीही आडवळणाने.
कॅलेंडरवर लिहितो, गाभण मेंढ्यांच्या नोंदीखाली.
कुणी विचारलंच, तर असावं.

ऑक्टोबरच्या बाजारात बर्केटचा पोरगा आला,
माझ्या म्हातारीचा ओठ दाबला,
सहा सेकंदही नाही घेतले.
तुटक्या तोंडाची, म्हणाला.
बरोबरच म्हणाला. मीच शिकवलंय त्याला.

नाही विकायची, मी म्हटलं.
म्हटलं म्हणजे काय, जीभ अडखळली,
त्याला दोनदा विचारावं लागलं.

तिला परत ट्रेलरमध्ये चढवली
आणि ओढ्याकाठच्या खालच्या शेतात सोडली,
तिथलं गवत मऊ आहे.
एका बाजूने चावते, मान तिरकी करून.
मीही तसाच.

ही किती दिवस ठेवायची, मर्टल विचारते.
हिवाळ्याचा चारा महाग, तिचं चुकत नाही.

तारीख येईपर्यंत, मी म्हणतो.