ऊठ आता

बाळीवेशीत माडीवरची खोली मिळाली,
भाडं कमी, पंखा चालू, नळाला चौथ्या दिवशी पाणी.
घरमालकीण चनबसव्वा हत्तुरे
रात्री साडेनऊला दारात येऊन म्हणायच्या,
'ऊट आता?'
शेवटी सूर जरा चढा.

मी उठायचो.
पेपर मिटून, लुंगी सावरून,
शाळेत तपासनीस आल्यासारखा ताठ.
त्या बघायच्या. मीही बघायचो.
'ऊट आता?'
उठलोय की हो, अजून किती उठू?

दिवसा बँकेत वेगळंच.
चहावाला पोरगा पहिल्याच सकाळी,
'काय बे, कट का फुल?'
आमच्या गुहागरात बे म्हणजे बे एके बे.
बे दुणे चार अगदी ओठावर आलं होतं.

मग फोन.
'कोण बोलतंय?'
'बोल्ली.'
'कोण बोलली?'
'मीच की. बोल्ली.'
आवाज तर भरदार, मिशीवाला.
'अहो, पण काय बोलली?'
'आडनाव हाय सायेब! राजेशम बोल्ली, चादरीचा कारखाना.'
त्यांच्या मागं माग हसत होते, खडाखडा.

साहेबांनी केबिनमधून विचारलं,
'आज बेत काय म्हणतोय?'
मी डबा उघडून दाखवला: तोंडली.
काचेपलीकडे श्रीनिवास बेत उभे,
तीन हप्ते थकलेले.

आणि त्या विडी कारखान्यातल्या बाई,
कडेवर दीड वर्षाची, तिच्या नावानं खातं काढायचं.
'ही कोण?'
'मा पाप.'
मी पेन खाली ठेवलं.
एवढी खुली कबुली चित्रगुप्तालाही मिळाली नसेल.
शिपाई कानाशी लागला,
तेलुगूत लेकराला पाप म्हणतात.
पाप हसलं. खाली दोन दात.

इकडे माडीवर, माझ्या दाराशी
रोज ताट यायला लागलं:
कडक भाकरी, शेंगाचटणी, सायीचं दही.
मी समजलो, निरोपाचं जेवण.
बाईंना आपलं बसणं खुपतंय.
सात रस्त्याला दुसरी खोली बघूनही आलो.

बोल्लींनीच सोडवलं, पासबुक भरून घेताना.
'ऊट म्हंजे कानडीत जेवण बे!
म्हातारी विचारती, जेवण झालं का.
अन् तू उभा ऱ्हातोस?'

म्हणजे ती काय समजली असेल!
पोरगं इतकं उपाशी,
की जेवणाचं नाव काढलं की उठतंय.
(त्या 'बे'नं मला पहिल्यांदाच
पाढा आठवला नाही.)

दिवाळीला घरी गेलो.
सकाळी आईनं अंगावरची चादर ओढली, सोलापुरीच,
'ऊठ आता!'
मी डोळे न उघडता,
पोटावर हात ठेवून म्हणालो,
'आत्री, अव्वा.'

दुपारी मागल्या दारी ती काकूला सांगत होती, हळू आवाजात:
सोलापुरात कुणीतरी आहे हो.
अव्वा नाव.
जेवायला बरं घालते म्हणायचं,
गाल बघितलेस का त्याचे?