वांक

बाबा तोलमाप खात्यात होते.
खंडेराव मार्केटात भाजीवाल्यांची वजनं उलटी करून
तळातलं शिसं बघायचे, सरकारी छाप ठोकायचे,
आणि घरी आल्यावर हात धुता धुता म्हणायचे,
किलो म्हणजे किलो. तो माणूस बघून बदलत नाही.

म्हणून त्यांना ती गोळी पटली असावी.
पंचाहत्तर मिलिग्रॅम, गुलाबी, रात्री जेवणानंतर.
रावपुऱ्यातल्या घड्याळवाल्याला तीच,
शेजारच्या खाटेवरच्या मकरपुऱ्याच्या फिटरला तीच.
हृदयातल्या जाळीत रक्त साकळू नये
एवढंच तिचं काम.

आठव्या महिन्यात जाळी बंद झाली.

अतुल विमानतळावरूनच बोलला,
गोळ्या चुकवत असणार.
मी नाही म्हटलं नाही.

तेराव्यानंतर कपाटात सापडला चपलांचा खोका.
रिकाम्या पट्ट्या, रबरानं बांधलेल्या,
प्रत्येकीच्या पाठीवर पेनानं तारीख.
तेवीस पूर्ण. चोविसावीतल्या सहा फोडलेल्या, चार शिल्लक.
दिवसाला दिवस जुळत होता.

तरी आम्ही काय म्हणालो?
मग बाहेर शेव-उसळ चापत असतील.
आम्हाला त्यांची चूक हवी होती.
चूक त्यांची असली
की उरलेले आपण वाचतो.

सतरा वर्षांनी माझ्याच छातीत तसली जाळी बसली
आणि डॉक्टर कृती मजमुदारनी रक्त कुठेतरी लांब पाठवलं.
रिपोर्ट आला तेव्हा चिठ्ठीच्या मागे पेनानं यकृत काढलं,
वांग्यासारखं दिसत होतं.
गोळी पोटात जाते तेव्हा झोपलेली असते, म्हणाली.
इथलं एक विकर तिला उठवतं.
तुमच्याकडे उठवणारं कुणी नाही.
ती झोपेतच येते, झोपेतच निघून जाते.
याला दोन प्रती लागतात,
एक आईची, एक वडिलांची.
वडिलांचं नेमकं काय झालं, ते आता नाही सांगता येणार.

म्हणजे माझं काही चुकलं?
तमारो वांक नथी, बेन.

दांडिया बाजारात वाढलेली मी,
दोन भाषा एकाच ताटात जेवलेली,
तो एक शब्द घेऊन रिक्षात बसले.
वांक म्हणजे दोष. वांक म्हणजे बाकही.
एवढ्या लांबलचक मजकुरात एका जागी
एक अक्षर वाकलेलं,
काळ्या घोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री वळते
त्याच्या पासंगालाही न पुरणारं.
कोण घेऊन आलं असेल?
फौजेमागून हिशोबाच्या वह्या लादून आलेला
कुणी गुप्ते कारकून?
की त्याच्याही कितीतरी आधी,
नाव-गाव ठेवायची पद्धत पडण्यापूर्वी?

किलो म्हणजे किलो, बाबा. खरं आहे.
पण तागडी तपासायची राहिली.

आईला सांगितलं. कानातलं यंत्र लावून तिनं दोनदा ऐकलं.
तिच्याकडूनही एक आलंय, हे तिला रुचलं नाही.
आमच्या माहेरी कुणाला काही नव्हतं, म्हणाली,
आणि तुरीच्या शेंगा सोलत बसली.
पातेलं अर्धं भरलं.
मग एकदम,
म्हणजे ते घेत होते.
रोज, मी म्हटलं.
आणि मी रोज विचारायचे, घेतली का म्हणून.
तेही पोरांसमोर.

अतुलला लिहिलंय, तूही तपासून घे.
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

माझी नवी गोळी पिवळी आहे, दिवसातून दोनदा.
पट्टीच्या पाठीवर मीही तारीख घालते आता,
पेन नीट उमटत नाही.

तो खोका कुठे ठेवलास, आईनं रात्री विचारलं.

पस्तीवाल्याला दिला होता तेव्हाच,
जुन्या पेपरांबरोबर.
त्यानं पट्ट्यांचा गठ्ठा वेगळा काढून तागडीत टाकला,
काट्याकडे बघितलं,
आणि परत माझ्या हातात दिला.
आमा कंई वजन नथी, बेन.